कॉस्टिकच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियम काळं पडतंय, बॉयलर सूट राखाडी होतायत. पावडरीत काय बदलायचं?

कोटिंग_कुपवाड

कुपवाड एमआयडीसीत पावडर कोटिंगचं जॉबवर्क आहे. धुण्याच्या पावडरीबद्दल नेमकं मार्गदर्शन हवंय, म्हणून सगळे आकडे देतो.

टाकी माइल्ड स्टीलची, ५०० लिटर, विजेचा हीटर. पावडर शेडमध्येच मिसळली जाते: कॉस्टिक फ्लेक्स ५० किलो, सोडा अ‍ॅश (धुण्याचा सोडा) ४५ किलो, वरून अ‍ॅसिड स्लरी (डिटर्जंटचा कच्चा आम्लयुक्त द्रव) ५ किलो. टाकीत लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २५ किलो. ७० अंश, १० मिनिटं बुडवायचं. पुढे एक टाकी साध्या पाण्याची, मग आयर्न फॉस्फेट, पुन्हा पाणी आणि ओव्हन. पाणी बोअरचं आहे. हार्डनेस ४५०, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ११००, दोन्ही लिटरला मिलिग्रॅम.

आतापर्यंत माल लोखंडाचाच होता, पत्र्याचे ब्रॅकेट आणि पंपांची बिडाची कव्हरं. आता अ‍ॅल्युमिनियमची डायकास्ट हाउसिंग (एडीसी १२) आणि थोडा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा सुरू झालाय. अ‍ॅल्युमिनियम टाकीत घातलं की फसफसतं आणि बाहेर येतं ते काळं, बोटाला काजळी लागते. लोखंडाच्या मालावर हायड्रॉलिक तेल पूर्ण निघत नाही, पाणी सोडलं की मधेच तुटून थेंब होतात. कॉस्टिक वाढवून लिटरला ८० ग्रॅमपर्यंत पावडर नेली तरी फरक नाही. वाळलेल्या मालावर पांढरी भुकटी दिसते आणि हीटरवर पांढरा दगड बसतो.

दुसरा भाग कपड्यांचा. हीच पावडर लिटरला ३ ग्रॅम घालून भावाच्या लाँड्रीत २० किलोच्या मशीनमध्ये बॉयलर सूट धुतात. मार्केट यार्डातल्या हळदीच्या गोदामातले कपडेही तिथेच येतात. सूट कडक आणि राखाडी होतात, पितळी चेन काळ्या पडतात, हळदीचे पिवळे डाग धुताना लालभडक होतात, आणि इस्त्री केली की कॉलरला पिवळेपणा येतो. पाणी तिथेही बोअरचंच.

धातू आणि कपडे दोन्हीला चालेल अशी एकच पावडर जमेल का?


क्षारमापक

एकच पावडर जमणार नाही, ते आधी सांगतो. तक्रारी सात-आठ दिसतात, पण मुळं दोनच आहेत. एक, कॉस्टिक म्हणजेच साफ करायची ताकद असं धरून पावडर बनवलीय. दोन, पाण्याचा हिशोब कुठेच धरलेला नाही. कपड्यांचं जाणकार सांगतीलच, मी टाकीचं बोलतो.

हायड्रॉलिक तेल, कटिंग ऑइल, ग्रीसमधलं तेल ही खनिज तेलं आहेत. त्यांचा साबण होत नाही. शेंगतेल, पाम तेल, चरबी किंवा चरबीयुक्त ड्रॉइंग कंपाउंड असेल तर कॉस्टिक त्याचा साबण करतं आणि तो पाण्यात विरघळून जातो. एक किलो शेंगतेलाला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक पुरतं. एक किलो हायड्रॉलिक तेलाला पोतंभर कॉस्टिक घातलं तरी ते तेलच राहतं. त्याला पत्र्यावरून उचलायचं काम सर्फॅक्टंटचं (तेल पाण्यात मिसळवणाऱ्या साबणासारख्या पदार्थाचं), आणि उचललेलं पुन्हा बसू न द्यायचं काम सिलिकेट आणि फॉस्फेटचं. तुमच्या पावडरीत सर्फॅक्टंट म्हणून फक्त स्लरी आहे, आणि ४५० हार्डनेसच्या पाण्यात तिचा बराच भाग कॅल्शियमबरोबर चिकट गाळ होऊन बसतो. म्हणून ८० ग्रॅमला नेऊनही फरक पडला नाही.

लोखंड आणि बिडासाठी १०० किलोचा हा मेळ धरा: कॉस्टिक फ्लेक्स २५, सोडा अ‍ॅश ३०, सोडियम मेटासिलिकेट पेंटाहायड्रेट ३०, एसटीपीपी (सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट) ८, सोडियम ग्लुकोनेट ४, नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेला सर्फॅक्टंट) ३ किलो. नॉन-आयॉनिक लॉरिल अल्कोहोलचा ९ मोल (इथिलीन ऑक्साइड) वाला घ्या. ७ मोलचा ५०-५५ अंशालाच ढगाळतो. ९ मोलचा साध्या पाण्यात ७५ च्या आसपास टिकतो, पण टाकीत क्षार जितके जास्त तितका तो तापमानाचा आकडा खाली येतो. म्हणूनच कॉस्टिक वाढवत नेलं की नॉन-आयॉनिक पाण्यातून फुटून वर तवंगासारखा तरंगतो, आणि माल बाहेर काढताना तोच तवंग अंगाला लागतो. टाकी ६० ते ६५ अंशावर ठेवा. ७० ची गरज नाही.

मिसळायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सोडा अ‍ॅश ब्लेंडरमध्ये घेऊन त्यावर नॉन-आयॉनिक बारीक फवाऱ्याने सोडायचा आणि १० मिनिटं फिरवायचं, म्हणजे सोडा तो पिऊन घेतो. मग फॉस्फेट आणि ग्लुकोनेट, मग सिलिकेट, आणि कॉस्टिक अगदी शेवटी. तुम्ही स्लरी थेट कॉस्टिकवर ओतताय, तिथे उष्णता एकदम निघते, गठ्ठे होतात आणि माणसाच्या तोंडावर उडतं. स्लरी ठेवायचीच असेल तर आधी एकट्या सोडा अ‍ॅशमध्ये मुरवा. एक किलो स्लरीला हिशोबाने १६० ग्रॅम सोडा लागतो, प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट घ्यायचा, म्हणजे पावडर कोरडी राहते. कार्बन डायऑक्साइड निघून मिश्रण फुगतं, ते शांत झाल्यावरच पुढचा माल घालायचा. तयार पावडर आत प्लास्टिकची पिशवी असलेल्या पोत्यात, तोंड घट्ट बांधून ठेवा. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतं.

सिलिकेटची एक खोड आहे. गरम टाकीतून काढलेला माल हवेत वाळू दिला तर त्याची काचेसारखी पातळ झिल्ली बसते, ती नंतर पाण्याने जात नाही. अशीच झिल्ली घेऊन माल अ‍ॅसिडमध्ये गेला तर तिचं सिलिकाचं जेल होतं आणि कोटिंग तिथूनच सुटतं. त्यामुळे टाकीतून काढल्यावर १५-२० सेकंद निथळू द्यायचं आणि लगेच पाण्यात. धुण्याच्या टाक्या दोन करा, दुसऱ्या टाकीचं पाणी ओव्हरफ्लो होऊन पहिल्यात आलं पाहिजे. आयर्न फॉस्फेटचं पीएच ४ ते ५.५ असतं. मालाबरोबर अल्कली तिकडे गेली की तो बाथ (टाकीतलं द्रावण) मरतो आणि गाळ वाढतो.

पांढरी भुकटी कसली ते ओळखायला पातळ हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा एक थेंब तिच्यावर टाका. बुडबुडे आले तर कार्बोनेट. तुमच्या पावडरीत सिलिकेटच नाही, तेव्हा तेच असणार. ५०० लिटर पाण्यात ४५० च्या हिशोबाने २२५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट दडलेलं असतं, सोडा पडला की ते बाहेर येतं. शिवाय रोज जेवढी वाफ जाते तेवढं नवं पाणी घालता, त्याबरोबर नवा दगड येतो. हीटरवरचा दगड काढायला हीटर टाकीबाहेर काढून ५ ते १० टक्के सल्फॅमिक अ‍ॅसिडमध्ये इनहिबिटर (धातू वाचवणारं रसायन) घालून बुडवा. अल्कलीच्या टाकीत अ‍ॅसिड कधीही ओतायचं नाही. मालाला शेवटचं पाणी आरओचं द्या.

आता अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त दोन्ही धातू अ‍ॅसिडमध्येही विरघळतात आणि कॉस्टिकमध्येही. फसफस दिसते तो हायड्रोजन. एक किलो अ‍ॅल्युमिनियम विरघळलं तर साधारण साडेतेराशे लिटर हायड्रोजन निघतो. टाकीवर झाकण ठेवून, शेजारी वेल्डिंग चालू असताना हे काम करणं म्हणजे स्फोटाला बोलावणं आहे. एक्झॉस्ट नसेल तर आजच थांबवा. काळं दिसतं ते जळणं नव्हे. एडीसी १२ मध्ये सिलिकॉन १० टक्क्यांच्या आसपास आणि तांबं दीड ते साडेतीन टक्के असतं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं, सिलिकॉन-तांबं-लोखंड जागेवर काजळी होऊन उरतं.

त्यासाठी वेगळी टाकी आणि कॉस्टिक नसलेला मेळ लागेल. १०० किलोला सोडा अ‍ॅश २५, सोडियम बायकार्बोनेट ३०, एसटीपीपी ३०, मेटासिलिकेट ५, ग्लुकोनेट ५, नॉन-आयॉनिक ५. लिटरला ३० ग्रॅम, ५० अंश, ३ ते ५ मिनिटं. पीएच १० च्या आसपास राहतं. यात सिलिकेट थोडंच आहे, पण ते अ‍ॅल्युमिनियमवर राखणदाराचं काम करतं. जीआयलाही हाच बाथ चालतो, कारण जस्त पीएच १२ च्या पुढे झपाट्याने खाल्लं जातं. फक्त तापमान ६० च्या वर जाऊ देऊ नका. बायकार्बोनेट गरम होऊन कार्बन डायऑक्साइड सोडतं, सोड्यात बदलतं आणि पीएच चढत जातं. सकाळी बरोबर असलेला बाथ दुपारी माल मारायला लागतो तो यामुळेच.

साफ झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. धुतलेला तुकडा स्वच्छ पाण्यातून काढून उभा धरा. पाण्याची झिल्ली ३० सेकंद अखंड राहिली पाहिजे. जिथे ती फाटून पाणी मागे सरकतं, तिथे तेल आहे.


तुरटी

वरच्या उत्तरात सुरक्षेचं राहिलं, ते जोडतो. कॉस्टिक नेहमी गार पाण्यात, थोडं थोडं, ढवळत घालायचं. गरम टाकीत फ्लेक्स एकदम ओतले तर पाणी जागच्या जागी उकळून उसळतं. टाकी भरताना पाणी आधी, पावडर नंतर. चष्मा पूर्ण बंद बाजूंचा, हातमोजे कोपरापर्यंत पीव्हीसी किंवा रबराचे. कातडीवर पडलं तर १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. लिंबू, व्हिनेगर चोळायचं नाही. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तितकाच वेळ पाणी आणि त्याच अवस्थेत दवाखाना. मिरजेत डोळ्यांचे डॉक्टर जवळ आहेत, पण आधी पाणी, मग रिक्षा.

आणि टाकीजवळ अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, जीआयची बादली, पितळी व्हॉल्व्ह यापैकी काहीही नको. सगळं एमएस (माइल्ड स्टील), स्टेनलेस किंवा पीपी (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिक).


कोटिंग_कुपवाड

क्षारमापक सर, खूप आभार. दोन शंका. बाथ कधी टॉपअप करायचा आणि कधी टाकून द्यायचा हे कसं ठरवायचं? पीएच मीटर घेतलाय, तो पुरेल का? आणि काळी पडलेली ६० हाउसिंग पडून आहेत, ती वाचतील का?


क्षारमापक

या बाथला पीएच मीटर पुरत नाही. कॉस्टिक निम्मं संपलं तरी पीएच फक्त ०.३ ने उतरतं, आणि १२ च्या पुढे साधा इलेक्ट्रोड सोडियममुळे चुकीचं दाखवतो. टायट्रेशन करा, पाच मिनिटांचं काम आहे.

टाकी ढवळून मधल्या उंचीवरून नमुना घ्या, थंड होऊ द्या. पिपेटने १० मिली काचेच्या फ्लास्कमध्ये, त्यात ५० मिली आरओचं पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे ३ थेंब. गडद गुलाबी होईल. ब्युरेटमधून १ नॉर्मल सल्फ्युरिक अ‍ॅसिड थेंब थेंब सोडा. गुलाबी गेला तो पहिला आकडा. त्यातच मिथिल ऑरेंजचे २ थेंब टाकून पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुढे चालू ठेवा. सुरुवातीपासूनचं एकूण अ‍ॅसिड हा दुसरा आकडा. अ‍ॅसिड तयार विकत मिळतं, तेच घ्या. तोंडाने पिपेट ओढायचं नाही, रबरी फुगा लावा.

वरच्या मेळाचा लिटरला ५० ग्रॅमचा ताजा बाथ पहिला आकडा ६ मिलीच्या आसपास देईल आणि दुसरा साडेसातच्या आसपास. तुमच्या मालाप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल, म्हणून पहिल्या दिवशी स्वतः मोजून तोच आकडा भिंतीवर लिहून ठेवा. समजा आज पहिला आकडा ४.५ आला. पाव भाग कमी झाला. ५०० लिटरला २५ किलोचा पाव भाग, म्हणजे सव्वासहा किलो पावडर घाला.

पहिला आकडा दुसऱ्याच्या निम्म्यावर आला की मोकळं कॉस्टिक उरलेलं नाही, सगळ्याचा कार्बोनेट झाला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मालावरची चरबी दोन्ही ते खात असतात. अशा वेळी पावडर घालत राहिलात तर क्षार वाढतात, साफ होणं वाढत नाही. तो बाथ काढायचा. तेलाचा तवंग रोज सकाळी टाकी थंड असताना काढत गेलात तर हा दिवस बराच लांबतो.

हाउसिंगचं असं करा. खोलीच्या तापमानाला नायट्रिक अ‍ॅसिड आणि पाणी १:१, पीपीच्या टबमध्ये, ३० ते ६० सेकंद. तांबं विरघळेल, काळेपणा बराच उतरेल. सिलिकॉन नायट्रिकमध्ये जात नाही, तो करडा थर राहील. काही ठिकाणी त्यासाठी फ्लोराइड घातलेलं अ‍ॅसिड वापरतात. हायड्रोफ्लोरिक कातडीतून हाडापर्यंत जातं, छोट्या शेडमध्ये ते आणूच नका. करडा थर स्कॉचब्राइटने पाण्याखाली घासून काढा किंवा काचेच्या मण्यांनी हलकं ब्लास्टिंग करा, मग नव्या अ‍ॅल्युमिनियम बाथमधून काढून लगेच कोट करा. बेअरिंगच्या बैठका आणि आटे आधी व्हर्निअरने तपासा. कॉस्टिकने तिथलं माप खाल्लं असेल तर तो नग कोट करण्यात अर्थ नाही, ग्राहकाला आधीच सांगा.


धुलाईघर_मिरज

कपड्यांचं मी सांगते.

कपड्याला अल्कली हवीच. घामातली चरबी ती साबणात बदलते, सुताचा धागा फुगवते म्हणजे मळ सैल होतो, आणि मळ व धागा दोघांवर ऋण भार आणून एकमेकांपासून लांब ठेवते. पण हे सगळं पीएच १०.५ ते ११ ला होतं, आणि तेवढं सोडा व थोडं सिलिकेट सहज देतात. कॉस्टिकने पितळ काळं पडतं, पॉलिएस्टरचा धागा वरून खाल्ला जातो, हाताची सालं निघतात. बॉयलर सूट बहुतेक पॉली-कॉटन असतात, म्हणून कॉस्टिक बंद.

तुमचे सूट कडक आणि राखाडी होण्याचं मुख्य कारण पाणी. हिशोब करून बघा. २० किलो कपडे, किलोला ५ लिटर पाणी, म्हणजे १०० लिटर. त्यात ४५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका हार्डनेस. त्यासाठी ४८ ग्रॅम सोडा नुसता खर्ची पडतो, आणि तयार झालेला दगड बारीक पिठासारखा कपड्यातच बसतो. एसटीपीपीने तो पाण्यात धरून ठेवायचा म्हटलं तर १६५ ग्रॅम लागेल. कुठल्याही परवडणाऱ्या पावडरीत एका धुण्याला इतकं एसटीपीपी नसतं. खरी खोट पुढे आहे: खळबळायचं पाणीही तेच. कपड्यात उरलेला सोडा आणि नव्या पाण्यातलं कॅल्शियम भेटलं की दगड दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसतो. पावडर बदलून हे सुटत नाही.

म्हणून पहिला खर्च सॉफ्टनरवर (पाण्यातला हार्डनेस काढणाऱ्या यंत्रावर) करा. ५० लिटर रेझिनचा साधा सॉफ्टनर ४५० च्या पाण्याचे ढोबळ साडेपाच हजार लिटर देतो. मग साडेसात किलो मिठाचं १० टक्के द्रावण सावकाश, अर्धा तास तरी लावून सोडून रेझिन पुन्हा ताजं (रिजनरेट) करायचं. मीठ आयोडीनचं नको, साधं जाडं. हार्डनेस किटने रोज सकाळी तपासा, मीटर बघून अंदाज बांधू नका. टीडीएस मीटरवर सॉफ्टनरच्या आधी आणि नंतर जवळपास तोच आकडा दिसतो, कारण कॅल्शियम जाऊन त्या जागी सोडियम आलेलं असतं. हे माहीत नसल्याने चांगले सॉफ्टनर बिघडलेत म्हणून परत पाठवले जातात.

बॉयलर सुटांची पावडर, १०० किलोला: सोडा अ‍ॅश ४५, मेटासिलिकेट पेंटाहायड्रेट २०, एसटीपीपी १५, स्लरी ८, नॉन-आयॉनिक ४, सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) दीड, बाकी साडेसहा सोडियम सल्फेट. सीएमसी वगळू नका. सुटलेली काजळी पुन्हा कपड्यावर बसू न देणं हे तिचं काम आहे, राखाडीपणाचं दुसरं कारण तीच नसणं.

सूट धुताना आधी खिसे झटकून लोखंडाचा कीस काढायचा. पहिलं धुणं ६० ते ६५ अंश, कपड्याच्या किलोला १२ ग्रॅम, १२ मिनिटं. ते काळं पाणी सोडून दुसरं धुणं त्याच तापमानाला, किलोला ८ ग्रॅम, १० मिनिटं. पहिलं खळबळणं गरम, ४५ ते ५० अंशाला. इथे चूक सगळीकडे होते: गरम धुण्यावर एकदम गार पाणी घेतलं की पाण्यात मिसळलेलं तेल फुटतं आणि परत कपड्यावर बसतं. मग दोन वेळा गार.

शेवटच्या पाण्यात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड. इस्त्रीनंतर कॉलर पिवळी पडते ती उरलेल्या अल्कलीने. १०० लिटर पाण्याला २५ ते ३० मिली ग्लेशियल अ‍ॅसिटिक, आधी बादलीभर पाण्यात पातळ करून. पीएच पट्टीवर ६ ते ६.५ दिसलं पाहिजे. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर थोडं वाढवावं लागेल. पिळून झाल्यावर कॉलरच्या दुहेरी शिवणीवर फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाका. गुलाबी झाला तर अल्कली शिवणीत दडलीय, अजून एक पाणी द्या. पाठीवर थेंब टाकून फसू नका, तिथली अल्कली सगळ्यात आधी निघते. ब्लीच वापरलं असेल तर ते पूर्ण निघेपर्यंत अ‍ॅसिड नको. हायपोक्लोराइट आणि अ‍ॅसिड भेटले की क्लोरीन वायू सुटतो.

आधीच कडक झालेल्या सुटांवर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाका, फसफसला तर दगड आहे. सायट्रिक अ‍ॅसिड लिटरला ५ ग्रॅम, ५० अंश, १५ मिनिटं. पाणी काढून पुन्हा एकदा तसंच, मग दोन-तीन साधी पाणी. कपडा लगेच मऊ लागतो.

हळदीबद्दल. करक्युमिन, म्हणजे हळदीतला रंग, आम्लात आणि साध्या पाण्यात पिवळं, पीएच साडेआठच्या पुढे लाल. म्हणून सोड्यात डाग लाल होतो, त्याने कपडा बिघडत नाही. कपडा आधी कोरडा झटकायचा, भिजवायचा नाही. मग गार पाण्यात नॉन-आयॉनिक लिटरला २ मिली, १० मिनिटं. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याला सर्फॅक्टंट लागतोच. त्यानंतर नेहमीचं धुणं आणि ओला कपडा कडक उन्हात. उन्हाने करक्युमिन मोडतं. आधी सोडा घालू नका असं मी म्हणेन.


तुरटी

धुलाईघरताई, शेवटच्या वाक्याला थोडी दुरुस्ती सुचवतो. अल्कलीत करक्युमिन लाल होतं तसंच ते विरघळतंही जास्त आणि झपाट्याने मोडतंही. पांढऱ्या सुती कपड्याला लाल अवस्थेतच सोडियम परकार्बोनेट, किलोला ५ ग्रॅम, ६० अंशाला २० मिनिटं दिलं तर डाग मुळातून जातो. मग शेवटचं अ‍ॅसिटिक. राहिलेला पुसट पिवळा उन्हात जाईल.


धुलाईघर_मिरज

पांढऱ्या सुतीला मान्य, माझा विचार रंगीत कपड्यांचा होता. पण परकार्बोनेट बॉयलर सुटांना अजिबात नको. कापडात रुतलेला लोखंडाचा कीस त्यातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडला जागच्या जागी भडकवतो आणि तेवढ्याच ठिकाणी सूत जळून टाचणीएवढी भोकं पडतात. पावडरीतही आधीपासून मिसळून ठेवू नका, ओल लागली की ते पोत्यातच मोडतं आणि पोतं फुगतं. वेगळ्या डब्यात, धुताना घालायचं. हळदीच्या गोदामातल्या हमालांचे आणि वर्कशॉपचे कपडे एका मशीनफेरीत घेऊ नका हेही त्यामुळेच.


वारणाकाठ

टाकी काढायची म्हणजे कुठे, हे कुणी बोललं नाही आणि सांगली जिल्ह्यात ते बोलायलाच हवं. मिरज, वाळवा, पलूस या पट्ट्यात आधीच क्षारपड आणि चोपण जमिनीचा प्रश्न आहे. चोपण होते ती सोडियममुळे. काळ्या मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटून सोडियम बसलं की माती ओली असताना लोण्यासारखी होते, वाळली की विटेसारखी, पाणी खाली मुरतच नाही. ती सुधारायला मग वर्षानुवर्षं जिप्सम टाकत बसावं लागतं.

वरच्या मेळाची ५०० लिटरची एक टाकी म्हणजे ९ किलोच्या आसपास सोडियम. अ‍ॅसिडने पीएच ७ वर आणलं तरी सोडियम तिथेच राहतं, फक्त सल्फेट होऊन. त्यामुळे "न्यूट्रल केलंय" म्हणून उसाला सोडणं चुकीचंच. सॉफ्टनरच्या मिठाच्या पाण्याचंही तेच.

पद्धत अशी ठेवा. बाथ थंड करून वरचं तेल काढा. मग सल्फ्युरिक अ‍ॅसिड पातळ करून, सावकाश, पीएच ७ ते ८ पर्यंत. वापरलेल्या बाथला १० ते १२ किलो लागू शकतं. टाकी निम्मीच भरलेली असू द्या, कार्बन डायऑक्साइडमुळे फेस वर येतो. आम्लाने पाण्यात मिसळलेलं तेल फुटून तरंगतं आणि सिलिका जेल होऊन बसते. तेल आणि गाळ हा घातक कचरा आहे, तो २०१६ च्या नियमांप्रमाणे अधिकृत संस्थेकडेच द्यायचा आणि पावती ठेवायची. नदी-नाल्यात सोडण्याच्या पाण्याला पीएच ५.५ ते ९ आणि तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तुमच्या प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते वेगळं वाचा, तेच तुम्हाला बांधील आहे.


कोटिंग_कुपवाड

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलंय ते असं: अ‍ॅल्युमिनियम आजपासून जुन्या टाकीत जाणार नाही, २०० लिटरची पीपीची टाकी वेगळी. भावाकडे आधी सॉफ्टनर, पावडर नंतर. शेवटची एकच शंका: जुनी २५० किलो पावडर शिल्लक आहे, कॉस्टिक-सोडा-स्लरीची. ती नव्या मेळात घालता येईल का?


क्षारमापक

लोखंडाच्या मेळात घालता येईल. ५० किलो जुन्या पावडरीत २५ किलो कॉस्टिक, साडेबावीस सोडा आणि अडीच किलो स्लरी आहे. साडेसात किलो सोडा अ‍ॅशवर ३ किलो नॉन-आयॉनिक आधी मुरवा, त्यात एसटीपीपी ८, ग्लुकोनेट ४, मेटासिलिकेट ३० किलो आणि शेवटी जुनी ५० किलो. एकूण १०२.५ किलो होईल, लिटरला तेच ५० ग्रॅम. स्लरीमुळे फेस थोडा जास्त येईल, बुडवण्याच्या टाकीत अडत नाही, स्प्रेला मात्र हे चालणार नाही. गठ्ठे झाले असतील ते हाताने फोडू नका, जाड चाळणीवर लाकडी दांड्याने फोडा, चष्मा घालून. चाळणी लोखंडी घ्या.